पिंपातलं इंजिन

बुढापारा, रायपूर

बेटा यशोधरा,

आज तुझे बाबा बोलले. लकव्यानंतर पहिल्यांदाच.

रिटायर झाल्यावर त्यायले जुन्या मोटरबोटी दुरुस्त करायचा नाद लागला, तुले माहीतच आहे. उजवा हात अन् वाचा गेल्यावर मात्र ते अंगणातल्या बोटीकडे पाहतही नव्हते. शेवटी मीच पाना उचलला. म्हटलं, "तुम्ही इशारा करा, मी फिरवते."

असं करत आम्ही गंजलेलं इंजिन काढलं अन् एक जुनंच पण बरं इंजिन आणलं. बोटीवर चढवायच्या आधी आज त्याचा खालचा पंखा पाण्याच्या पिंपात बुडवून ते चालू करून पाहिलं. असं दणक्यात सुरू झालं की मी टाळ्याच वाजवल्या. तेवढ्यात तुझे बाबा ओरडले, "पाणी! बंद!"

मी घाबरून बंद केलं. इंजिनाले थंड ठेवणारं पाणी बाहेरच येत नव्हतं. ते पाणी निघायच्या छेदात कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं. थोडं अजून चाललं असतं तर इंजिन जळालं असतं. तारेनं माती काढून पुन्हा चालू केलं, तर धार थेट माझ्या साडीवर! ते केवढे हसले!

मी तुले फोन लावून राहिली होती, तर त्यायनं माझा हात धरला. त्यायले स्वतःच सांगायचं आहे. म्हणून हे पत्र टाकणार नाही, नुसतं मन मोकळं करायले लिहून राहिली. सायंकाळपासून तुझं नाव घेऊन पाहून राहिले, 'यशो'पर्यंत आले आहेत. फोन वाजला अन् पलीकडून लगेच आवाज नाही आला, तर कट करू नको बेटा.

तुझी आई,
अंजना