बेचाळीस सह्यांचं पत्र

५ जानेवारी
कॉलेजच्या मानवी हक्क मंडळाचा अध्यक्ष झालो. बिनविरोध. दुसरं कोणी उभंच राहिलं नाही, पण तो मुद्दा वेगळा.
पहिलंच काम मोठं आहे. युद्ध चालू असलेल्या एका देशात एक अ‍ॅम्ब्युलन्स ड्रायव्हर तुरुंगात पडलाय. गुन्हा काय, तर दोन्ही बाजूंचे जखमी गाडीत घेतले. सुनावणी २० फेब्रुवारीला. मुख्य संघटनेचं परिपत्रक आलंय: प्रत्येकाने तिथल्या तुरुंगाधिकाऱ्याला स्वतःच्या शब्दांत चार नम्र ओळी लिहाव्यात. टपालाला पंधरा दिवस लागतात. म्हणजे वेळच वेळ आहे.

८ जानेवारी
चार ओळींनी कुणाचं काय हलणार? ठरवलं: बेचाळीस सदस्यांचं मिळून एकच दणदणीत पत्र. मसुदा अर्थात मी करणार.

१७ जानेवारी
मसुदा अकरा पानं. ड्रायव्हर दहाव्या पानावर येतो. आमची सेक्रेटरी म्हणाली, त्याला आधी आण आणि 'नराधम' काढ, पत्र त्या तुरुंगाधिकाऱ्यालाच जाणार आहे. मुलगी हुशार, पण आग नाही.
बाबांनी परीक्षेचा फॉर्म भरलास का विचारलं. मूड गेला.

२६ जानेवारी
मीटिंग, तीन तास. लेटरहेडवर कबूतर की मेणबत्ती? वीस विरुद्ध वीस. दोघे चहाला गेले होते ते परतलेच नाहीत. लोकशाहीला वेळ लागतो.

१ फेब्रुवारी, सकाळी ११
धाकटी बहीण (नववी) विचारत होती, ड्रायव्हरला मुलं आहेत का. मला काय माहीत? परिपत्रक टेबलावर आहे, वाच म्हटलं. जाताना माझी टपाल तिकिटंही घेऊन गेली. घरात कामाला किंमत नाही.

१० फेब्रुवारी
कबूतर ठरलं. छापूनही आलं, जरा कोंबडीसारखं. सह्या ३१. बाकीचे प्रोजेक्टमध्ये बुडालेत. बेचाळीस म्हणून एकतीस पाठवणं अप्रामाणिक. थांबलो. तत्त्व म्हणजे तत्त्व.

२० फेब्रुवारी
आज सुनावणी. सह्या ४१. कुणाची राहिली म्हणून यादी पाहिली, तर माझीच.
जेवण गेलं नाही. आईला वाटलं पोट बिघडलंय. पत्र उद्या नक्की.

१९ मार्च
परदेशी पाकीट आलं. आई म्हणाली, तुझ्या मंडळाचं दिसतंय. ऐटीत फोडायला घेतलं, तर वर धाकटीचं नाव.
ड्रायव्हरच्या बायकोने लिहिलंय. सुनावणी दोन महिने पुढे गेली. अधिकाऱ्याने नवऱ्याला पत्र दाखवून विचारलं, इतक्या लांब तुला कोण ओळखतं? त्या दिवसापासून त्याला मारणं थांबलं. पत्र एकच आलं होतं. शेवटी विचारलंय, तुमच्याकडे आणखी कोणी लिहिणारं आहे का?
धाकटी लगेच उत्तर लिहायला बसली. मी म्हटलं, बेचाळीस आहेत म्हणून लिही. ती लिहीत राहिली. मागून वाचलं: 'मला एक भाऊ आहे. तोही लिहीन म्हणतो.'
लाज वाटली. निदान एवढं टपालात टाकून येतो म्हटलं. ती म्हणाली, राहू दे दादा, आणि चप्पल घालून स्वतःच गेली.