बेंदराच्या दिवशीच्या सह्या

३ फेब्रु., विश्रामबाग
कॉलेजातून फाईल आली. निवृत्तीनंतर कुणी काम देतंय याचाच आनंद, म्हणून ‘हो’ म्हटलं होतं. ‘सेंद्रिय’ म्हणून विकल्या जाणाऱ्या हळदीच्या लेबलामागे नक्की काय असतं, ते बघून शेरा लिहायचा. सगळ्यात वर कडेगावकडच्या गटाचे कागद. गटप्रमुख, सुमी. माझी हॉस्टेलची सुमी. उगाच हसू आलं. फोन केला नाही. आधी कागद.

४ फेब्रु.
या लेबलासाठी एरवी बाहेरचा तपासनीस नसतो. गटातल्या पाच जणांनी एकमेकांच्या शेतात जाऊन बघायचं, रासायनिक काही वापरलेलं नाही अशी सही करायची. त्या सह्यांवर लेबल. एकाचं खोटं निघालं तर गटाचंच जातं.
पाचही अर्जांवर एकच तारीख. कॅलेंडर काढलं. बेंदूर. बैल धुवायचे, रंगवायचे, पोळी खायची. त्या दिवशी रानात कोण जातं? शेरेही एकाच अक्षरात. सुमीचा ‘ळ’ मी कुठेही ओळखीन.

७ फेब्रु., कडेगाव
गेलेच. अंगणात हळद शिजत होती. चहा होईपर्यंत धीर धरला, मग विचारलं.
“बेंदराला सगळी घरात सापडतात गं. एरवी पाच जण गोळा करून दाखव बघू.”
“म्हणजे शेतं बघितलीच नाहीत?”
तिचे दीर बापू, फौजेतले निवृत्त सुभेदार, गटात नाहीत, पण उत्तर त्यांनीच दिलं. “आवं बाई, भावकीत वही घिऊन दुसऱ्याच्या बांधावर गेलं की हद्दीची मोजणी आणली म्हणत्यात. सहा म्हैनं बोलणं बंद.”
“तुमचं तर दोन वर्षं बंद हुतं,” सुमी.
सगळे हसले, मीही. परतीच्या एसटीत वाटलं, हसण्यात विषय गुंडाळला की काय.

८ फेब्रु.
हॉस्टेलात ताट घासलं की दुसरीनं बघून सिस्टरांच्या वहीत सही करायची. मी न बघता करायचे. सुमी उठून, ताट उजेडात धरून बघायची. माझंसुद्धा. दोनदा परत घासायला लावलं होतं. ही तीच सुमी का?

१२ फेब्रु.
तिचा फोन. “परवा ये, माले. पाचही रानं फिरू. तू मधी असलीस तर कुणी मोजणी म्हणायचं न्हाई.”
बरं वाटलं. मग वाटलं, उद्याच का नको?
आपल्याच माणसाबद्दल असं मनात येतं, त्याची लाज वाटते. पण येतं.

१४ फेब्रु.
फिरलो. चौघांच्या रानात शेणखताचे खड्डे, जीवामृताची पिंपं. वावगं काही नाही. झाडून ठेवल्यासारखं मात्र.
पाचवं सुमीचं. शेजारी बापूंचा ऊस, त्याला खत, फवारणी सगळं. अर्जात लिहिलंय, ते हळदीत येऊ नये म्हणून मध्ये मोकळी पट्टी सोडली आहे. ऊस बांधाला टेकलेला, आणि बांधाच्या अलीकडे लगेच हळदीच्या सऱ्या.
बापू म्हणाले, “पट्टी हाय की. ह्यो बांध.”
एका पावलात ओलांडला मी तो.
सुमी खालीच बघत होती. बापू पुढे गेल्यावर बोलली. “माझ्या चार सऱ्या जात्यात पट्टीत. यंदा न्हाई सोडल्या. म्हणून तर कुणाला हिकडं आणलं न्हाई.”
बाकीच्यांना ठाऊक आहे का? विचारायचं राहिलं. की मीच टाळलं.

१९ फेब्रु., शुक्र.
फाईलमधला माझ्या शेऱ्याचा रकाना रिकामाच; तो भरेपर्यंत लेबलं अडलेली. संध्याकाळी सुमीचा फोन.
“पाकिटं भरून झाली. लेबलं लावायची हायती. कराडचा व्यापारी सोमवारी गाडी धाडतोय, लेबल नसलं तर उचलणार न्हाई.”
“मी काय लिहू, सुमे?”
“बघितलंस ते. मी रुसायची न्हाई.” मग लगेच, “चौघांनी त्यांचं त्यांचं नीट केलंय गं. त्यांचं काय करशील?”
त्यांच्यासाठी विचारत होती की त्यांच्याआड उभी राहून, कळेना.
जेवण झाल्यावर लिहायला बसले. ‘सुमतीबाईंच्या शेतात मोकळी पट्टी’ इतकं लिहिलं आणि माझं ताट उजेडात धरणारी सुमी आठवली; पुढे ‘नाही’ लिहून खाली सही केली.