पॅनलमध्ये दादा आला, ढोलकी राहिली

३ नोव्हेंबर, रविवार
पॅनल आले एकदाचे. टोमॅटो उतरवून पुण्याहून रिकामा परतणारा पिकअप मिळाला, त्यात गोधड्यांत गुंडाळून आणले. माणसाएवढे उंच, जाडी जेमतेम दोन बोटं. मेहुण्याच्या ओळखीचे इंजिनिअर मुलाकडं परदेशी निघालेत, त्यांनी दिले. "जपा," एवढंच म्हणाले आणि आत निघून गेले.
मालती दारातच. "अहो, स्पीकर आणायला गेला होतात ना? हे दरवाजे कुणाचे काढून आणले?"
पाठीमागची जाळी बघितली. नेहमीच्या स्पीकरसारखा कागदाचा कोन नाहीच. पातळ फिल्म, तिच्यावर तार चिकटवलेली, शेजारी चुंबकाच्या पट्ट्या. अख्खी फिल्म हलते. पुढं जेवढा आवाज तेवढाच मागं. कालव्याच्या ऑफिसात सगळी नोकरी पाण्याच्या पातळ्या लिहिण्यात गेली. हे आता साठीनंतर. असो.

५ नोव्हेंबर
भिंतीला टेकवले तर नुसता गोंगाट. मागचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो. फूटभर पुढं ओढले. मग दोन फूट. तीन फुटांवर आवाज मोकळा झाला आणि आमचा हॉल संपला. सोफा पडवीत.
बरोबर ऐकायची जागा एकच, मधोमध. तिथं खुर्ची. बसलं की गाणारा दोन्ही पॅनलच्या मधे, हवेत उभा. हात लांब केला तर त्याच्या सदऱ्याला लागेल. वीतभर सरकलं की तो उठून एका पॅनलमध्ये जाऊन बसतो.
जुना अ‍ॅम्प्लिफायर या पॅनलना पुरत नाही. तासाभरात वर पोळी भाजावी इतका तापतो.
दुपारी उजव्या पॅनलवर मालतीचा ओला टॉवेल. उचलला, दोरीवर टाकला.

७ नोव्हेंबर, गुरुवार
सुदाम आला. त्याचं शिलाईचं दुकान गुरुवारी बंद असतं. किती वर्षं झाली, गुरुवारी दुपारी तो इथं, चहा, गाणी, आणि बिबट्याच्या धास्तीनं उजेडातच लुना घराकडं.
त्याला खुर्चीत बसवलं. मी मागं उभा. मुद्दाम डिंभ्याची कॅसेट लावली (पेन ड्राइव्हवर घेतलेली). डिंभ्याच्या कालव्याच्या ऑफिसात असताना जयंतीच्या कार्यक्रमाला मीच माइक धरून रेकॉर्ड केली होती. गाणारा सुदामचा थोरला भाऊ प्रकाशदादा, ढोलकीवर सुदाम. दादाला जाऊन चार वर्षं झाली.
दादा आला. खरंच आला. अंतऱ्याच्या आधी श्वास घेतो तो ऐकू आला. ओठ सुटल्याचा आवाजसुद्धा. मला वाटलं सुदाम आता रडेल किंवा मला मिठी मारेल.
दुसऱ्या गाण्याला उठला. "येतो. गिऱ्हाईक यायचं हाय."
गुरुवारी कसलं गिऱ्हाईक?

१४ नोव्हेंबर, गुरुवार
आला नाही. फोन उचलत नाही.
मालती म्हणाली, "एकच खुर्ची मांडून ठेवलीय तुम्ही. दुसऱ्यानं यायचं तरी कशाला? उभं राहायला?"
लागलं मनाला. खरंच आहे. जुन्या स्पीकर-बॉक्सवर दोघं सोफ्यावर लोळून ऐकायचो, मधे बोलायचो, चहा सांडायचो. आता मी त्याला देवळात बसवल्यासारखं बसवलं आणि वर "हलू नको" म्हणालो.
मग एक खटपट. दोन खुर्च्या एकामागं एक, एसटीतल्यासारख्या. मधली रेघ सोडायची नाही. मालतीला पुढं बसवलं, मी मागं. तिच्या अंबाड्याकडं बघत अर्धा तास ऐकलं. बऱ्याच वर्षांनी इतका वेळ दोघं गप्प बसलो, तेही न भांडता.
ती म्हणाली, "सगळं वेगवेगळं वाढल्यासारखं ऐकू येतं. भात वेगळा, आमटी वेगळी." थोड्या वेळानं, "पण पोटात काही हलत नाही हो."

१७ नोव्हेंबर, रविवार
सुदामच्या दुकानात गेलो. मान खाली, मशीन चालू. मी बाकावर बसलो. म्हणालो, "दोन खुर्च्यांची सोय केलीय. चल."
"खुर्चीचं न्हाई रं."
"मग? दादाचा त्रास झाला का?"
मशीन थांबलं. "दादा लई चांगला आला. समोर बसल्यागत. पर मी कुठं व्हतो त्यात?"
मला कळेना.
त्यानं डावा हात वर केला. "उजव्या हाताची बोटं टिकटिक टिकटिक सगळी आली. डाव्याचा घुमारा कुठं गेला? दादा त्याच्यावर उभा राहून गायचा, बाळ्या. तुझ्या त्या दरवाज्यांनी माझा डावा हात कापून टाकला. त्यात दादा हाय. मी न्हाई."
चहा घेतला. त्यानं माझ्या सदऱ्याचं तुटलेलं बटण न विचारता लावून दिलं.

२० नोव्हेंबर
मंडपवाल्याकडून खर्जाचा मोठा बॉक्स दोन दिवसांसाठी आणला. पॅनलला खालचा आवाज झेपत नाही, तेवढं हा करेल असा हिशेब. केलं त्यानं, पण थाप बोटांच्या मागनं धापा टाकत येते. दोन माणसं वाजवतायत असं वाटतं. मांडणीवरची भांडी नाचली. बॉक्स परत पाठवला.

२२ नोव्हेंबर
माळ्यावरून जुने बॉक्स काढले. तीच कॅसेट.
घुमारा आहे. जोरात आहे. सुदामचा डावा हात अगदी छातीत येतो. पण दादा गोधडीतून गातोय. श्वास नाही, ओठ नाही.
पुन्हा पॅनल. पुन्हा बॉक्स. चार वेळा वायरी बदलल्या.
एकात थोरला भाऊ, एकात धाकटा. दोघं एका ठिकाणी काही येत नाहीत.
मालती : "काढून टाका की मग ते पॅनल." मी वायर काढायला लागलो. तर तीच म्हणाली, "नको, राहू द्या. त्या बाईचं गाणं त्याच्यावरच ऐकायचंय मला." कुठली बाई ते सांगितलं नाही. म्हणजे मी घरी नसताना एकटी बसून ऐकते! खुर्ची दोन इंच सरकलेली असते, मला वाटायचं झाडताना.

२८ नोव्हेंबर, गुरुवार
तीनला लुनाचा आवाज. सुदाम. पाठीला ढोलकी.
न बोलता चपला काढल्या. खुर्चीत बसला नाही. डाव्या पॅनलच्या पुढं जमिनीवर मांडी घातली, ढोलकी कसली, दोन थापा मारून कान दिला.
"लाव डिंभ्याची. दरवाज्यांना घुमारा जमत न्हाई, तर मी देतो."
मी मधल्या खुर्चीत. मालती उंबऱ्याशी, हाताला पीठ.
दादा आला, मधोमध. आणि खालून सुदामचा डावा हात. आताचा. पहिल्या ओळीला जरा चुकला, मग सापडलं. हॉल भरला. फरशीतून पायात यायला लागलं. मी डोळे मिटले नाहीत, मला सुदामकडं बघायचं होतं. तो पॅनलच्या मधल्या हवेकडं बघत होता, कार्यक्रमात दादाकडं बघायचा तसा.
तिसऱ्या कडव्याच्या आधी दादा दबक्या आवाजात काहीतरी म्हणाला. इतकी वर्षं ही कॅसेट ऐकतोय, हे कधी ऐकू आलं नव्हतं.
"सुदाम, हळू."
सुदामचा हात आपोआप हळू झाला. वाजवत राहिला. गाणं संपेपर्यंत वाजवलं.
मग ढोलकीवर दोन्ही हात ठेवून बसला. शेवटी म्हणाला, "बघ. अजून पन त्याला माझी लय पुढंच वाटती." आणि हसला. डोळ्यांतलं पाणी पुसलं नाही, तसंच वाहू दिलं.
मालतीनं पिठाच्या हातानंच त्याच्या पाठीवर थोपटलं. सदऱ्यावर पांढरा पंजा उमटला.
चहा झाला. मी विचारलं, "पुढच्या गुरुवारी?"
"बघू. दर खेपेला जमंल का, काय सांगू? दादा लई जवळ येतो."
उन्हं असतानाच गेला. ढोलकी हॉलमध्ये, पॅनलला टेकून. विसरला का मुद्दाम ठेवून गेला, फोन करून विचारावं वाटलं. नाही विचारलं.