आभारातलं नाव

बिबवेवाडी, ४ ऑगस्ट २०२५

ती. पूर्णिमाताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल दुपारी मोबाईलवर आमच्या जीवशास्त्र विभागाचा शोधनिबंध उघडला आणि माझं डोकंच फिरलं. तोच, फळमाश्यांवरचा. मार्केट यार्डात सडक्या पपयांवरून माश्या पकडल्या मी, आणि लेखकांत आधी स्वराली, मग सर. मी कुठे? शेवटी, आभारात! तेही हमालांच्या शेजारी! कॉलेज सोडलं म्हणजे माणूस मेला का? सर जाऊ देत, पण जिच्यासाठी चिखल तुडवला तिनेही असं करावं? पंधरा ऑगस्ट झाला की विभागात जाऊन सगळ्यांसमोर जाब विचारणार. फोनवर ओरडतो म्हणून तूच पत्राची अट घातलीस, नाहीतर आत्ताच ऐकवलं असतं.

लोभ असू दे, उपदेश नको.

तुझा दिग्विजय

लातूर, ९ ऑगस्ट २०२५

चि. दिग्विजय यास अनेक आशीर्वाद.

हमालांच्या शेजारी नाव आलं तर बिघडलं काय? माश्या त्यांच्याच गाळ्यातल्या ना!

आता ऐक. मासिकाला प्रत्येक लेखकाचा होकार लागतो, ज्याचा त्याने ईमेलवर द्यायचा. तू सरांशी भांडून निघालास तेव्हा सगळ्यांना ब्लॉक केलंस, स्वरालीलाही. मार्चमध्ये तिने मला फोन केला. मी तुला सांगायला गेले, तर तिचं नाव ऐकताच तू फोन आपटलास. होकार नाही म्हणून लेखकांतून नाव गेलं. आभारात राखलं ते तिने. राजे, जाब कुणाला विचारणार? जा जरूर, आवाज तेवढा खोलीवर ठेवून जा.

जेवत जा. माया आहे तशीच आहे.

तुझी ताई

बिबवेवाडी, २० ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गेलो होतो. स्वराली प्रयोगशाळेत एकटीच होती. भांडण घेऊन गेलो, निघाली माफी. ती म्हणाली, दुरुस्तीसाठी मासिकाला लिहू, सरही तयार आहेत. मी विचारलं, निबंधात निघालं काय? यार्डातल्या माश्या मंडईतल्या माश्यांपेक्षा जास्त उष्णता सोसतात, म्हणे. ताई, इतक्या माश्या पकडल्या, पण कशासाठी ते कधी विचारलंच नव्हतं. मी तिच्याकडेच बघत होतो. दुरुस्ती नको म्हटलं.

मग इतके दिवस मनात ठेवलेलं ते दुसरंही विचारलं. ती म्हणाली, मार्चमध्ये तुझ्या एका उत्तराची फार वाट पाहिली, आता नाही पाहत. रागावली नव्हती, त्याचंच जास्त लागलं. तिने पुन्हा मायक्रोस्कोपला डोळा लावला.

माझ्यावरचा लोभ या महिन्यात जरा जास्त असू दे.

टेबलावर एक बाटली उघडी होती. मी बाहेर आलो आणि माश्या सुटू नयेत म्हणून दार हळूच ओढून घेतलं.

तुझा दिग्विजय