कूड काढून घेतलेली तसबीर

आप्पा, आज आईची तसबीर पुसून खिडकीपाशी नेली, आणि मग तुम्हाला लिहायला बसले. जव्हारात दरबारच्या मंडळींचे फोटो तुम्हीच काढायचात, पण आपल्या घरचा एकही नव्हता. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिनेच मागितला. "सगळे एकत्र बसू या," एवढंच म्हणाली. फोटोच्या काचेच्या मोठ्या प्लेटा संपलेल्या, पावसाने घाट बंद, नवा माल येण्यासारखा नव्हता. तुम्ही मोठ्या कॅमेऱ्यात लाकडी चौकट बसवून छोटी प्लेट घालायची ठरवलीत.

मी काळ्या कापडाखाली डोकं घालते, तर त्या चौकटीत आईचा उलटा चेहरा आणि खांदे, बस्स. "आम्ही कुठे आहोत?" मी विचारलं. "भिंग लांब पल्ल्याचं आहे, मोठ्या प्लेटेसाठीचं," तुम्ही म्हणालात. "प्लेट कुठलीही घाला, ते चित्र तेवढंच मोठं टाकतं. प्लेट लहान झाली की कडेचं बाहेर राहतं. मागे सरलो तरच सगळे मावतील." मागे कुडाची भिंत होती. तुम्ही आईजवळ बसलात. "इथूनच घेतो. चेहरा छान मोठा येईल. लांबून घेतला तर तू एवढीशी दिसशील."

"एवढीशी चालेल," आई म्हणाली. "पोरं येऊ देत."

मग तुम्ही शेजारच्या काकांना हाक मारलीत, ते मूळचे पोशेऱ्याचे. "कूड काय, परत घालू. कारवी रानात संपली नाय," म्हणत त्यांनी कारवीच्या काठ्या सोडवायला घेतल्या. उघडीप मिळाली तसा कॅमेरा अंगणात गेला. तुम्ही चौकट जुळवलीत, प्लेट घातलीत आणि आईला टेकू देऊन बसलात. दोघे भाऊ एका बाजूला, मी तिच्या पायाशी. तुम्ही मान हलवलीत तसं काकांनी भिंगावरचं झाकण काढलं. नवा कूड सारवला, तो वाळायच्या आत आई गेली.

आता तुमच्यामागे तुमचं काम मी करते. पुढे आखूड पल्ल्याचं भिंग घेतलं, ते आपल्या खोलीत लावून पाहिलं. भिंतीला पाठ टेकून उभं राहिलं तरी सगळी खोली मावते, पण माणूस तेवढाच लहान येतो. मोठी प्लेट असती तर आईचा चेहरा मोठा राहून शेजारी आपण सगळे मावलो असतो. हे तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं, म्हणून त्या रिकाम्या पेट्या तुम्ही पुन्हा पुन्हा उघडून बघत होतात. तसबिरीत तिचा चेहरा वालाच्या दाण्याएवढा आहे. मोठा करून छापला, तर डोळ्यांच्या जागी नुसती काळी भुकटी.

हे पत्र कुठे टाकणार? घडी घालून ठेवते. भाऊ म्हणतात, आईने बरोबर केलं, आणि मीही मान हलवते. पण आप्पा, मला तिचा चेहराच हवा होता. आम्ही नसतो आलो तरी चाललं असतं.