सुचित्राची युनिटं

अहो,

भात कुकरमध्ये आहे, वरण गरम करून घ्या.

म्युच्युअल फंडाच्या ऑफिसात जाऊन आले. लग्नाआधी बाबांनी घेतलेली युनिटं सुचित्राच्या नावावर, तुम्ही घेतलेली वैजयंतीच्या. खात्यांचे नंबर वेगळे, म्हणून त्यांच्या लेखी बायकाही दोन. नंबर एक करायचे तर दोघी एकच, असं मी लिहून द्यायचं.

तसं लिहिलेला तुमचा कागद सही न करता टेबलावर ठेवलाय. लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने नवं नाव लिहिलंत, तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. आता सुधीरभाऊजींना वाशीत गाळा घ्यायला पैसे हवेत, म्हणून सुचित्रा आठवली.

मी ठाण्याला बाबांकडे जातेय. बाबांच्या शेजाऱ्यांकडे फोन केलात तर सुचित्राला बोलवायला सांगा. वैजयंतीला तिथे कुणी ओळखत नाही.