साठ ग्रॅम पाई

१० नोव्हेंबर, गुरुवार

तीन महिन्यांची सरासरी साखर ८.४. डॉक्टरीणबाईंनी डाव्या डोळ्याचा फोटो दाखवला — पडद्यावर तीन लाल ठिपके. साखर उतरली नाही तर या डोळ्याची खात्री देता येणार नाही म्हणाल्या.

मी वजनकाटे दुरुस्त करतो. धान्यकोठारांचे, खाटकांचे, एका सोनाराचाही. कोणाच्या हाताखाली शिकलो नाही. सरकारी तपासनीस अडला की मलाच फोन करतो. अर्ध्या मिलिमीटरची रेघ दिसली नाही तर मी काय करायचं?

१३ नोव्हेंबर

सगळं तोलून खातोय. ओट्स ४० ग्रॅम, सफरचंद अर्धं. मार्लिस म्हणते, नवऱ्याबरोबर नाही, प्रयोगशाळेत जेवतेय असं वाटतं. वाटू दे. सकाळची साखर १४८.

थँक्सगिव्हिंगच्या सणाला अकरा दिवस. सासूबाई एल्विराबाईंच्या सहा पाई, मैद्याच्या पारीत गोड सारण भरून भाजलेल्या! प्रत्येकीचा एकेक तुकडा घ्यायचाच. एखादी नाकारली तर एल्विराबाई वर्षभर लक्षात ठेवतात.

१९ नोव्हेंबर

हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू. सासूबाई बर्फावर घसरल्या, उजवं मनगट मोडलं. यंदा पाई दुकानातून आणू, मार्लिस म्हणाली. त्यांनी प्लास्टरमधला हात माझ्याकडे केला. हा सगळं मोजतो ना, मग हाच करेल!

२० नोव्हेंबर

१३९.

२३ नोव्हेंबर, बुधवार

कालपासून सासूबाईंकडेच मुक्काम. सकाळी माझा काटा घेऊन स्वयंपाकघरात गेलो. त्यांनी तो खिडकीत ठेवायला लावला. मैदा, थंड चरबी, बर्फाचं पाणी — किती? म्हणाल्या, पुरे म्हणेन तेव्हा थांब.

त्या खिडकीकडे तोंड करून बसलेल्या, मी पाठीमागे टेबलाशी. पिठात चरबी चोळत होतो. मध्येच म्हणाल्या, चरबी वितळायला लागली, हात नळाखाली धर. न बघता! आवाजावरून कळतं म्हणे. कोरडं पीठ बोटांत खसखसतं, वितळायला लागलं की गप्प होतं. मी कान देऊन ऐकलं. खरंच गप्प झालं होतं.

मग डाव्या हाताने, साध्या सुरीने, त्यांनी सहा गोळे तोडले. त्यांची पाठ वळल्यावर मी एकेक काट्यावर ठेवला. २७१, २७०, २७१, २७१, २७०, २७१. काटा दोनदा शून्यावर आणून पुन्हा तोलले. काट्यात काही दोष नाही. तीस वर्षं काटे हाताळतोय, त्यांच्या हातासारखा एकही पाहिला नाही!

भोपळ्याचं सारण झालं. चाखून बघा, म्हणून चमचा पुढे केला. त्यांनी नुसता वास घेतला. सुंठ राहिली म्हणाल्या. राहिलीच होती.

सुंठ काढायला वरच्या फळीवर हात घातला, तर मैद्याच्या डब्यामागे साखर तपासायचं यंत्र. माझ्याकडे आहे तसंच, पण जुनं, अक्षरं पुसलेली.

"कोणाचं हे?"

"माझं. एकोणीस वर्षं झाली."

"मार्लिसला माहीत आहे?"

"तिला कळलं तर दुसऱ्या दिवशी माझं लाटणं उचलून नेईल. तू सुंठ घाल."

ही एकोणीसही वर्षं मी याच टेबलाशी बसून खातोय. त्या कापतात, वाढतात, कायम उभ्या. मला वाटायचं, दिवसभर राबून भूक मेली असेल. ग्रॅम ग्रॅम मोजणारा मी — आणि त्यांच्यापुढे बशीच नसते, हे दिसलं नाही!

एकदाही खाल्ली नाहीत? विचारलं. त्या ओटा पुसत होत्या. म्हणाल्या, "पहिला घास घेतला असता रे. दुसऱ्याला थांबले असते की नाही, कोणास ठाऊक."

२४ नोव्हेंबर, गुरुवार

तेरा माणसं, टर्की अकरा किलोची. मी भोपळ्याच्या पाईचा तुकडा तोलला — ६० ग्रॅम — आणि बाकीच्या पाच पाईंना नको म्हणालो. मेव्हणा कर्ट म्हणाला, दाजी, हरीणसुद्धा एवढं बघून चरत नाही. हशा पिकला. सासूबाई हसल्या नाहीत. पिकॅनची, अक्रोडासारख्या दाण्यांची, पाई घेऊन माझ्यामागून सरळ पुढच्या माणसाकडे गेल्या, जणू मी विचारण्याच्या यादीतच नव्हतो. बाकी कोणाला कळलं नाही.

वीस मिनिटं खाल्ली. कडेचा पापुद्रा दातांनी नाही, जिभेनेच मोडतो. तीन दशकं खाल्ली ती पाई आज पहिल्यांदा कळली असं वाटलं. त्या दाराशी उभ्या, बशा मोजत होत्या.

दोन तासांनी साखर १५१!

२५ नोव्हेंबर, शुक्रवार

मंडळी पहाटेच बंदुका घेऊन रानात. मार्लिस झोपलेली. आज सगळीकडे न्याहारीला उरलेली पाईच. मी ६० ग्रॅमचा तुकडा काढला, मधोमध कापला, दोन बशा मांडल्या. म्हणालो, दुसरा घास मी थांबवतो, तुम्ही बसा.

त्यांनी फडकं ओट्यावर ठेवलं. मग खुर्ची ओढून बसल्या. खाल्ली. काटाचमचा हळूच खाली ठेवला.

"वेंडेल," म्हणाल्या, "ही आता एवढी चांगली होते?"